पीए ९ वरचा हिरवा दिवा

मागच्या पावसाळ्यात इचलकरंजीतल्या एका परिचितांच्या यंत्रमाग कारखान्यासाठी पिक मोजणारे एक छोटे यंत्र तयार करण्याचे काम मी हाती घेतले. धोटा मागाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला की बाण्याचा एक धागा पडतो, त्यालाच कारखान्यात पिक म्हणतात, आणि विणकराची मजुरी कापडाच्या मीटरबरोबरच या पिकांच्या हिशेबावर ठरते. इचलकरंजीत मजुरीची बोलणी ५२ पिकांचे कापड आधाराला धरूनच होतात. म्हणजे मोजणी चुकली तर कुणाच्या तरी दिवसभराच्या कष्टाचा हिशेब चुकतो, याची जाणीव मला पहिल्या दिवसापासून होती. मागावर सेन्सर बसवायचा, त्याचे ठोके मायक्रोकंट्रोलरने, म्हणजे एका चिपमधल्या छोट्या संगणकाने, मोजायचे आणि दर सेकंदाला एक ओळ सिरियल पोर्टवरून, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीवरून, संगणकाकडे पाठवायची, इतकाच आराखडा होता. सेन्सरचा भाग दोन दिवसांत झाला. जी ओळ संगणकाच्या पडद्यावर उमटायची होती, तिला मात्र नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत काय काय घडले ते मी येथे क्रमाने लिहीत आहे.

माझ्याकडे एसटीएम३२एफ४ डिस्कव्हरी हा २०११ साली बाजारात आलेला बोर्ड होता. त्यावर १६८ मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा एसटीएम३२एफ४०७ हा मायक्रोकंट्रोलर असतो, १ मेगाबाइट फ्लॅश आणि १९२ किलोबाइट रॅम असते. पिक मोजण्यासाठी इतके सामर्थ्य लागत नाही, परंतु बोर्ड हाताशी होता आणि त्याची मला सवय होती. या बोर्डावर प्रोग्रॅम चढवण्यासाठीची सोय बसवलेलीच असते. मात्र माझ्या जुन्या आवृत्तीत त्या सोयीतून संगणकाला सिरियल पोर्ट मिळत नाही. त्यामुळे सीपी २१०२ चिप असलेला, यूएसबी ते टीटीएल असा एक छोटा कन्व्हर्टर मी मध्ये जोडला. मायक्रोकंट्रोलरमधील यूसार्ट १ हे सिरियल यंत्रणेचे पहिले दालन, त्याची टीएक्स म्हणजे पाठवणारी पिन पीए ९ आणि आरएक्स म्हणजे ऐकणारी पिन पीए १०, ही जोडी मला तोंडपाठ होती. दुसऱ्या एका बोर्डावर हीच जोडी मी अनेकदा वापरली होती, म्हणून या बोर्डाची पुस्तिका न उघडता मी तारा जोडल्या.

पहिल्या संध्याकाळी पडद्यावर काहीच आले नाही. अशा वेळी सर्वांत आधी जे बघतात ते मीही बघितले. दोन्हीकडच्या टीएक्स एकमेकांना जोडल्या गेल्या होत्या. त्या उलटसुलट करून बोर्डाची टीएक्स कन्व्हर्टरच्या आरएक्सला दिली. ग्राउंडची तार दोघांत समाईक आहे याची मल्टिमीटरने खात्री केली. टर्मिनल, म्हणजे आलेली अक्षरे संगणकाच्या पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम, त्यातला वेग सेकंदाला ११५२०० बिट, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, हे सगळे प्रोग्रॅमशी जुळत होते. तरीही पडदा कोरा राहिला.

मग मी बोर्ड पूर्ण बाजूला ठेवला आणि कन्व्हर्टरच्याच टीएक्स आणि आरएक्स पिना एका जंपर वायरने एकमेकींना जोडल्या. टर्मिनलमध्ये जे टंकावे ते परत पडद्यावर उमटू लागले आणि वायर काढताच उमटणे थांबले. वायर काढल्यावर थांबणे हे मला उमटण्याइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण काही टर्मिनल प्रोग्रॅम टंकलेले अक्षर स्वतःहूनच दाखवतात आणि माणूस त्याला परत आलेले अक्षर समजून बसतो. या एका चाचणीने केबल, ड्रायव्हर, कन्व्हर्टर आणि टर्मिनल या चारही गोष्टी संशयातून मोकळ्या झाल्या. दोष बोर्डाच्या बाजूला होता.

दुसरा संपूर्ण दिवस मी प्रोग्रॅम तपासण्यात घालवला. पोर्ट ए ला क्लॉक, म्हणजे चिपच्या भागांना चालवणारे ठोके, दिला आहे का, यूसार्ट १ ला दिला आहे का, पीए ९ ला साध्या आउटपुटऐवजी पर्यायी कामाला, म्हणजे या चिपच्या भाषेत एएफ ७ ला, जोडले आहे का, हे मी डीबगर, म्हणजे चालत्या चिपच्या आत डोकावणारे साधन, लावून एकेका रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या आकडे ठेवण्याच्या कप्प्यात, बघितले. सर्व जागच्या जागी होते. प्रोग्रॅम एक अक्षर पाठवण्याच्या रजिस्टरमध्ये टाकत होता आणि थोड्या वेळाने पाठवणी पूर्ण झाल्याचा ध्वज वर येत होता. चिपच्या दृष्टीने तिचे बोलून झाले होते आणि टर्मिनलपर्यंत काही पोहोचले नव्हते. मल्टिमीटरची काडी पीए ९ ला लावली तर ३.३ व्होल्टच्या आसपासचा आकडा येत होता. तोही मला योग्यच वाटला, कारण सिरियलची ओळ मोकळी असताना वरच्याच पातळीवर थांबते.

त्याच दिवशी एक गोष्ट माझ्या नजरेसमोर घडत होती आणि मी तिच्याकडे लक्ष दिले नाही. प्रोग्रॅम जिवंत आहे हे कळावे म्हणून मी बोर्डावरचा एक एलईडी दर सेकंदाला लुकलुकवत ठेवला होता. तो सावकाश लुकलुकत होता. मला ते जाणवलेही, पण हातातले काम सिरियलचे असल्याने त्याचा विचार नंतर करू असे म्हणून मी पुढे गेलो.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, पुण्यात याच क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या भाच्याला मी फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, बोर्डावर क्रिस्टल किती मेगाहर्ट्झचा आहे आणि फाइलमध्ये किती लिहिलाय, ते बघितलंत का?" मी बघितले. क्रिस्टल, म्हणजे चिपला मूळ ठोके देणारी बोर्डावरची चांदीच्या रंगाची डबी, तिच्यावर ८ हा आकडा कोरलेला होता आणि माझ्या प्रोजेक्टमधल्या हेडर फाइलमध्ये बाहेरील क्रिस्टलची किंमत २५ मेगाहर्ट्झ अशी होती. ही फाइल मी दुसऱ्या बोर्डासाठीच्या जुन्या प्रोजेक्टमधून उचलली होती आणि त्या बोर्डावर २५ चा क्रिस्टल होता. मी मोठ्या आशेने २५ च्या जागी ८ लिहिले, प्रोग्रॅम पुन्हा चढवला आणि टर्मिनलकडे बघत राहिलो. पडदा कोराच राहिला. काही मिनिटे वाट बघून मी ८ पुसून पुन्हा २५ लिहिले, कारण न समजलेला बदल प्रोग्रॅममध्ये ठेवू नये असा माझा नियम आहे. नियम चुकीचा नाही. परंतु त्या क्षणी मी एक बरोबर दुरुस्ती, केवळ तिचा परिणाम दिसला नाही म्हणून, स्वतःच्या हाताने काढून टाकली होती आणि पुढचे पाच दिवस ती माझ्या यादीत "तपासले, संबंध नाही" या शेऱ्यासह पडून राहिली.

चौथ्या दिवशी मी दुसरा कन्व्हर्टर आणला, तारा बदलल्या, ब्रेडबोर्ड बदलला. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांची सारी नोकरी तार खात्यात, टेलिप्रिंटरच्या सहवासात गेली. २०१३ च्या जुलै महिन्यात देशातली तारसेवा बंद झाली त्याआधीच ते निवृत्त झाले होते, पण स्टार्ट बिट आणि स्टॉप बिट यांबद्दल ते आजही कालच कामावरून आल्यासारखे बोलतात. त्यात आश्चर्यही नाही, कारण आपण सिरियल पोर्टवर जे करतो ते तारेच्याच घरातून आले आहे. बॉड हे वेगाचे एकक एमिल बोदो या फ्रेंच तारअभियंत्याच्या नावावरून पडले. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना माझी अडचण सांगितली, तेव्हा त्यांनी चिप कोणती, प्रोग्रॅम कोणता, यातले काहीही विचारले नाही.

"लाइन गप्प आहे की बरळते आहे, ते आधी सांग," ते म्हणाले.

"पूर्ण गप्प आहे, काका."

"बरळत असती तर तुला वेग बघायला सांगितला असता. गप्प आहे म्हणजे आवाज पोचतच नाही. वेग अगदी खाली आण बरं. आमची मशिनं ५० बॉडवर चालायची. तुझं किती खाली येतं तेवढं आण, आणि बघ काही पुटपुटते का."

हा प्रश्न इतका साधा होता की मी चार दिवसांत तो स्वतःला विचारला नव्हता, याचे मला वाईट वाटले. वेग जुळत नसेल तर पडद्यावर चुकीची अक्षरे येतात, चौकोन येतात, प्रश्नचिन्हे येतात. पण काहीतरी येते. काहीच येत नसेल तर विजेचा बदल ऐकणाऱ्या पिनेपर्यंत पोहोचत नाही, आणि त्याचे कारण वेगाच्या आकड्यात नाही, वाटेत कुठेतरी आहे. मी यूसार्टला मिळणाऱ्या क्लॉकला भाजक लावून तो कमी केला, कारण एरवी ते इतके खाली उतरत नाही, आणि दोन्ही बाजूंचा वेग ३०० केला. पडद्यावर प्रथमच काहीतरी उमटले. ती माझी ओळ नव्हती, तिच्यातले एकही अक्षर ओळखीचे नव्हते, पण दर वेळी बोर्डाने ओळ पाठवली की तिथे काही चिन्हे येऊन पडत होती.

मी काकांना दाखवले. ते बराच वेळ पडद्याकडे बघत होते. "गप्प होती ती बरळायला लागली," ते म्हणाले. "तार तुटलेली नाही. मधे कुणीतरी आवाज गिळतंय."

त्याच रात्री साडेनऊच्या सुमारास वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता आणि बोर्डाला यूएसबीमधून वीज मिळत होती, म्हणून मी काम थांबवले नाही. पडद्याचा उजेड कमी करून मी बोर्डाकडे वळलो तेव्हा अंधारात मला तीन दिवे दिसले. एक वीज आल्याचा लाल, एक मी लुकलुकवत ठेवलेला, आणि तिसरा बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला, छोट्या यूएसबी सॉकेटच्या शेजारी, बारीक हिरवा. दिवसा ट्यूबलाइटच्या उजेडात तो माझ्या लक्षात आला नव्हता. हा सॉकेट बोर्डावर दुसऱ्या कामासाठी असतो. मी प्रोग्रॅम चढवण्यासाठी वापरत होतो तो वेगळा, समोरच्या टोकाचा. या छोट्या सॉकेटमध्ये कसलीही केबल नव्हती. मग त्याच्याजवळचा दिवा का लागावा?

मी रीसेटचे काळे बटण दाबून धरले. हिरवा दिवा विझला. बटण सोडले, तो लागला. पुन्हा दाबले, पुन्हा विझला. म्हणजे त्या दिव्याला वीज बाहेरून मिळत नव्हती, माझा प्रोग्रॅम सुरू झाला की मिळत होती. मग मी डोळे जवळ नेऊन एक पूर्ण ओळ जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिलो. वेग अजून ३०० वरच होता. ओळ जाऊ लागली की दिवा किंचित थरथरत होता आणि ओळ संपली की स्थिर होत होता. माझी सिरियलची ओळ त्या दिव्यातून वाहत होती.

पुस्तिका मी त्याच अंधारात लॅपटॉपवर उघडली. एलडी ७ हा हिरवा एलईडी छोट्या यूएसबी सॉकेटवर वीज आली की लागतो आणि तो पीए ९ ला जोडलेला आहे, असे तिथे स्वच्छ लिहिले होते. या मायक्रोकंट्रोलरमध्ये पीए ९ हीच पिन यूएसबीची वीज आली का हे ओळखण्याचेही काम करते आणि या बोर्डावर तिला त्या कामासाठी सॉकेटच्या विजेच्या ओळीशी जोडले आहे. बोर्डाच्या जोडण्यांच्या नकाशात बघितल्यावर उरलेला भाग उलगडला. त्याच ओळीवर ग्राउंडकडे जाणारा ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, बसवलेला आहे. यूएसबीच्या विजेवर असा कपॅसिटर असणे सर्वस्वी योग्य आहे. तो तिथे आहे हे न बघता मी त्या पिनेवरून सेकंदाला लाखाहून अधिक बिट पाठवू पाहत होतो, हे अयोग्य होते.

हा कपॅसिटर काय करत होता ते आकड्यांत मांडल्याशिवाय मला चैन पडले नाही. ११५२०० या वेगाला एक बिट ८.६८ मायक्रोसेकंद टिकतो. चिपच्या एका पिनेतून घ्यायच्या विद्युतप्रवाहाची डेटाशीटमधली कमाल मर्यादा २५ मिलिअँपिअर आहे. तेवढा प्रवाह सतत मिळाला असे धरले तरी ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ८.६८ मायक्रोसेकंदांत जेमतेम ४६ मिलिव्होल्टने हलतो. पिनेने याच्या दुप्पट जोर लावला असे मानले तरी बदल व्होल्टच्या दहाव्या भागापर्यंतही जात नाही. ऐकणाऱ्या पिनेला शून्य आणि एक यांत फरक कळण्यासाठी व्होल्टेज सुमारे दोन-अडीच व्होल्टने खाली-वर व्हायला हवे. ओळ खाली यायला निघते आणि पाऊल टाकण्याआधीच तिला परत वर बोलावले जाते, असे काहीसे तिथे चालले होते. पूर्ण ३.३ व्होल्टचा बदल व्हायला त्याच हिशेबाने सुमारे ६२० मायक्रोसेकंद लागतात. ३०० च्या वेगाला एक बिट ३३३३ मायक्रोसेकंद टिकतो, म्हणून तिथे बदल पोहोचत होता. काकांनी चिपचे नावही न विचारता जे सांगितले होते ते या आकड्यांत जसेच्या तसे उतरले होते.

सकाळी मी यूसार्ट १ सोडून दिले आणि यूसार्ट २ वर आलो, ज्याच्या पीए २ आणि पीए ३ या पिना या बोर्डावर दुसऱ्या कशाला जोडलेल्या नाहीत. येथे पुन्हा अर्धा तास गेला. यूसार्ट १ हे एपीबी २ या बसवर, म्हणजे चिपच्या आतल्या एका मार्गावर, आहे आणि यूसार्ट २ हे एपीबी १ वर. मी पिना बदलल्या, नावे बदलली, पण क्लॉक देणारी ओळ जुन्याच बसला उद्देशून राहिली होती. क्लॉक नसलेल्या यूसार्टच्या रजिस्टरमध्ये काहीही लिहिले तरी वाचताना शून्य येते, हे डीबगरमध्ये दिसले आणि चूक सापडली. ती दुरुस्त करून मी वेग पुन्हा ११५२०० केला.

पडद्यावर कचरा आला. चिन्हे, चौकोन, मधूनच एखादे उलटे प्रश्नचिन्ह. खरे सांगायचे तर मला आनंद झाला. पाच दिवस जी लाइन गप्प होती ती पूर्ण वेगात बरळत होती, आणि बरळणाऱ्या लाइनचे काय बघायचे ते मला आता माहीत होते. ३०० वर ओळ पोहोचूनही अक्षरे का जुळली नव्हती, याचाही अर्थ आता लागत होता. तो कपॅसिटरचा दोष नव्हता. तिथे दुसरा दोष पहिल्यापासूनच उभा होता आणि पहिल्याने त्याला झाकून ठेवले होते.

अंदाज न बांधता मोजायचे असे मी ठरवले. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या स्नेह्यांकडून तारेवरचे चढउतार वेळेसकट टिपणारा, आठ चॅनेलचा छोटा लॉजिक अॅनालायझर दोन दिवसांसाठी मागून आणला आणि पल्सव्ह्यू हा खुला प्रोग्रॅम लॅपटॉपवर घातला. पाठवण्यासाठी मी इंग्रजी कॅपिटल यू हे अक्षर निवडले. आस्कीमध्ये त्याचा क्रमांक ८५, आणि द्विमान पद्धतीत तो ०१०१०१०१ असा लिहिला जातो. सिरियलमध्ये सर्वांत लहान बिट आधी जातो, त्याच्या पुढे शून्याचा स्टार्ट बिट आणि मागे एकचा स्टॉप बिट लागतो, म्हणून एक यू पाठवला की ओळ दहा बिटांत एक आड एक खाली-वर होते. सलग यू पाठवत राहिले तर पडद्यावर कुंपणाच्या खांबांसारखी समान अंतराची चौकोनी लाट मिळते आणि मोजायला त्याहून सोपे काही नाही.

दहा बिटांची रुंदी ८६.८ मायक्रोसेकंद यायला हवी होती. ती २७१ आणि २७२ च्या मध्ये आली. मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजून बघितले, उत्तर बदलले नाही. भागाकार केला तर ३.१३ च्या आसपास. मग डीबगरमध्ये वेग ठरवणारे रजिस्टर बघितले, त्यात ३६५ हा आकडा होता. ४२ मेगाहर्ट्झला ३६५ ने भागले तर ११५०६८ येतात, म्हणजे ११५२०० ला अगदी जवळ. म्हणजे रजिस्टरमधला आकडा ४२ मेगाहर्ट्झ गृहीत धरून अचूक काढलेला होता. यूसार्टला प्रत्यक्षात मिळणारा क्लॉक मात्र ४२ मेगाहर्ट्झ नव्हता, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता.

तेव्हा मला तो सावकाश लुकलुकणारा एलईडी आठवला. मी मनगटी घड्याळ समोर ठेवले आणि वीस वेळा लुकलुकेपर्यंत वेळ मोजला. वीस सेकंद लागायला हवे होते, एक मिनिट आणि वर दोन-अडीच सेकंद लागले. पुन्हा ३.१ पटच. दुसऱ्या दिवसापासून तो दिवा मला हेच सांगत होता आणि त्यासाठी अॅनालायझरची गरजही नव्हती. कागदावर मी ३.१२५ लिहिले आणि त्याखाली २५ भागिले ८.

भाच्याला फोन लावला. "मामा, ते तर मी मंगळवारीच सांगितलं होतं," तो म्हणाला, आणि ते खरे होते. त्या मंगळवारी ८ लिहिल्यावर आतला वेग जुळला होता. फक्त ती जुळलेली अक्षरे पीए ९ वरच्या कपॅसिटरमध्ये बुडत होती, म्हणून मला काहीच दिसले नाही.

या ठिकाणी एक बारकावा आहे आणि तो मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण तिथेच मी पुन्हा एकदा फसलो असतो. क्रिस्टलचा आकडा प्रोजेक्टमध्ये दोन ठिकाणी परिणाम करतो. हेडर फाइलमधली किंमत केवळ हिशेबासाठी असते. ती बघून लायब्ररी क्लॉक किती असेल ते काढते आणि त्यावरून सिरियलच्या वेगाचे रजिस्टर भरते. सिस्टिम फाइलमध्ये मात्र पीएलएलचा, म्हणजे क्रिस्टलच्या ठोक्यांचा वेग वाढवणाऱ्या भागाचा, एम नावाचा भाजक असतो आणि तो चिपला खरोखर चालवतो. क्रिस्टलला एम ने भागायचे, ३३६ ने गुणायचे आणि २ ने भागायचे, की मुख्य क्लॉक मिळतो. २५ चा क्रिस्टल आणि एम २५ असेल तर १६८ मेगाहर्ट्झ बरोबर येतात. माझ्या बोर्डावर क्रिस्टल ८ चा आणि एम २५, म्हणून मुख्य क्लॉक ५३.७६ मेगाहर्ट्झ इतकाच होता. शिवाय पीएलएलच्या तोंडाशी १ ते २ मेगाहर्ट्झ असावेत असे चिपची पुस्तिका सांगते आणि तिथे केवळ ०.३२ मेगाहर्ट्झ जात होते. माझ्या बोर्डावर ते चालले, पण मर्यादेबाहेर चालणाऱ्या गोष्टीवर कुणाच्या मजुरीचा हिशेब ठेवता येत नाही.

मी आधी फक्त हेडरमधली किंमत ८ केली. पडद्यावर माझी ओळ स्वच्छ उमटली, "पिक" हा शब्द इंग्रजी अक्षरांत आणि त्यापुढे आकडा. नवव्या दिवसाची दुपार होती. इथेच थांबावे असा मोह होता, कारण ज्यासाठी नऊ दिवस घालवले ते समोर होते. पण एलईडी अजून सावकाशच लुकलुकत होता. सिरियलचा हिशेब मंद क्लॉकशी जुळवून घेतला गेला होता, क्लॉक मात्र मंदच राहिला होता. आणि सेकंद मोजणारा टायमर तर अजूनही १६८ मेगाहर्ट्झच धरून चालला होता. तसेच सोडले असते तर बोर्डाच्या एका मिनिटात खरी तीन मिनिटे आणि वर साडेसात सेकंद गेले असते, आणि मिनिटाला १२० पिक टाकणारा माग पडद्यावर ३७५ पिकांचा दिसला असता. ओळ सुवाच्य, अक्षरे निर्दोष आणि आकडा खोटा. पडद्यावरच्या कचऱ्यापेक्षा मला हे अधिक भयंकर वाटते, कारण कचरा निदान माणसाला थांबवतो.

मग सिस्टिम फाइलमध्ये एम ८ केला. वीस वेळा लुकलुकायला वीस सेकंद लागले. सलग यूची रुंदी ८६.९ मायक्रोसेकंद आली. ३६५ चा भाजक पूर्णांकात बसवताना जो हजारात एकाचा फरक पडतो तेवढाच उरला होता, आणि सिरियलला दोन टक्क्यांपर्यंतचा फरक सहज चालतो.

उलट दिशेची चाचणी, म्हणजे संगणकाने पाठवलेली आज्ञा बोर्डाने ऐकण्याची, पहिल्याच प्रयत्नात पार पडली.

शेवटी एक रात्रभराची परीक्षा घेतली. बोर्डाने दर सेकंदाला एक क्रमांक पाठवायचा, संगणकाने तो फाइलमध्ये वेळेसकट लिहून ठेवायचा. रात्री बरोबर दहा वाजता रीसेट दाबले. सकाळी सहाला उठून बघितले तेव्हा पडद्यावर २८,८०० च्या पुढचा क्रमांक येत होता आणि फाइलमध्ये एकही क्रमांक गाळलेला किंवा दोनदा आलेला नव्हता. आठ तासांत २८,८०० सेकंद असतात. सॉकेटजवळचा हिरवा दिवा विझलेला होता. पीए ९ ची हेडर पिन पुन्हा कुणी वापरू नये म्हणून मी तिच्यावर लाल श्रिंक ट्यूबचा एक तुकडा चढवला, हेडरच्या कडेला "कपॅसिटर आहे" अशी चिठ्ठी चिकटवली, आणि नऊ वाजता बोर्ड पिशवीत घालून कारखान्यात गेलो, जिथे सकाळच्या पाळीचा विणकर माझ्या आधीच मागापाशी उभा होता.